आयुष्यात काही घडतच नाही म्हणणाऱ्या चिपळूणच्या मुलीला

ताई, मी अकरावीला आहे, चिपळूणची, वय 16. नाव छापू नका प्लीज. आमच्या कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी मराठीच्या मॅडमनी 'माझे अविस्मरणीय क्षण' असा विषय दिलाय आणि मला खरंच काही सुचत नाहीये कारण माझ्या आयुष्यात अविस्मरणीय असं काही घडलेलंच नाही. सकाळी कॉलेज, दुपारी क्लास, संध्याकाळी बाबांच्या दुकानात तासभर, मग अभ्यास मग मोबाईल मग झोप. माझी मामेबहीण ठाण्याला असते, तिचं स्टेटस बघितलं तर रोज काहीतरी वेगळं, कधी लोणावळा कधी कॉन्सर्ट कधी मॉल. आमच्याकडे काय (एकदा रस्त्यावर मगर आली होती ती बघायला गेलो आणि पुराच्या वेळी दोन दिवस वरच्या मजल्यावर अडकलो होतो, तेवढंच). सहावीचं अख्खं वर्ष तर ऑनलाईनमध्येच गेलं, त्यातलं काही आठवतसुद्धा नाही. दर 1 जानेवारीला डायरी सुरू करते आणि आठवड्या-दोन आठवड्यात बंद पडते कारण रोज तेच तेच काय लिहिणार. शिवाय धाकटा भाऊ ती वाचतो आणि जेवताना सगळ्यांसमोर म्हणून दाखवतो. माझ्या मैत्रिणीने एआयकडून मनालीच्या ट्रिपचा लेख लिहून घेतला, ती मनालीला गेलेलीच नाहीये, आणि मॅडमना तो जाम आवडला. मी पण तसंच करू का? अजून एक, हे लिहू की नको कळत नव्हतं, जोरात पाऊस लागला की मला रात्री जाग येते आणि मी उठून जिन्याची खालची पायरी बघून येते. आईला माहीत नाही. बाबा पुराबद्दल काहीच बोलत नाहीत, फक्त दुकानाच्या भिंतीवर पाण्याच्या खुणेशी त्यांनी पेनाने तारीख लिहून ठेवलीय. हे नॉर्मल आहे का?

---

हो गं, नॉर्मल आहे.

शेवटचं आधी घेते, कारण तुझं बाकीचं पत्र मला ते वाचल्यावरच नीट कळलं. मी हिशोब केला, जुलै 2021 ला पूर आला तेव्हा तू नुकती सातवीत गेली असणार, म्हणजे बारा वर्षांची. रात्रभर पाऊस कोसळतोय, 22 तारखेला पहाटे लोक उठतायत तोवर वाशिष्ठी नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलेलं, लाईट गेलेली, फोन लागत नाहीयेत, आणि पाणी अजून किती चढणार ते घरातल्या मोठ्या माणसांनाही सांगता येत नाहीये. हे बघितलेली मुलगी आज पावसाचा आवाज वाढला की उठून पायरी बघून येते, यात वेडंबिडं काही नाही. चिपळूणमध्ये माझ्या ओळखीच्या एक काकू आहेत, त्या जुलै लागला की रेशनकार्ड, घराचे कागद, मुलांची सर्टिफिकेटं सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवतात आणि गणपतीला खाली काढतात, आणि याला त्या भीती म्हणत नाहीत, आवराआवर म्हणतात. तुझ्या गल्लीत रात्री उठून खाली बघणारी तू एकटीच असशील असं मला अजिबात वाटत नाही, फक्त कुणी कुणाला सांगत नाही एवढंच.

पण आईला सांग. मुद्दाम समोर बसवून वगैरे नको, भांडी आवरताना, कपडे वाळत घालताना, हात कामात असताना सांगायचं, तेव्हा बोलणं सोपं जातं. 'आई मला पाऊस लागला की जाग येते' एवढं एकच वाक्य पुरे, पुढचं ती विचारेल, आणि मला दाट संशय आहे की ती म्हणेल मलाही येते. आता पायरी बघून आल्यावर परत झोप लागत असेल तर फार काळजी करू नकोस. पण झोप लागतच नसेल, पुराची स्वप्नं पडत असतील, पावसात घराबाहेर पडायला नको वाटत असेल, छातीत धडधडत असेल, अभ्यासात लक्ष लागत नसेल, तर मग हे आपोआप जाईल म्हणून बसू नकोस. टेली मानस म्हणून सरकारची हेल्पलाईन आहे, 14416, फुकट आहे, चोवीस तास चालू असते आणि मराठीत बोलता येतं. त्यांना अख्खी गोष्ट सांगायची गरज नाही, जेवढी पत्रात मला सांगितलीस तेवढी पुरे.

आता बाबांचं. तू लिहिलंयस बाबा काहीच बोलत नाहीत 'फक्त' भिंतीवर तारीख लिहिलीय. मी त्या फक्तपाशी बराच वेळ थांबले. ज्या माणसाचा दुकानातला माल गेला, ज्याने नंतर कित्येक दिवस चिखल उपसला असेल, त्या माणसाने भिंत परत रंगवताना (रंगवली असेलच ना) ती खूण ठेवली आणि तिच्याशी तारीख घातली. तू जी डायरी दर जानेवारीला सुरू करून सोडतेस ना, ती बाबांनी एका ओळीत लिहून टाकलीय. त्यांना 'पुराबद्दल सांगा ना बाबा' असं विचारू नकोस, त्याला कुणालाच उत्तर देता येत नाही. बारकं विचार. ती तारीख कुठल्या पेनाने लिहिली? पाणी ओसरल्यावर शटर उघडलं की तोडावं लागलं? आधी काय बाहेर काढलं? तेव्हा दुकानातला कुठला माल वाचला? असल्या प्रश्नांना माणसं उत्तरं देतात, आणि देता देता बाकीचं येतं. नाहीच बोलले तर सोडून दे, पुन्हा कधीतरी. आणि 26 जुलै 2005 चं पण विचार, तेव्हाही चिपळूणमध्ये पाणी आलं होतं, तू जन्मायच्या आधी, कदाचित दुकानही तेव्हा वेगळं असेल किंवा आजोबा बसत असतील. बाबांना स्वतःच्या पुरापेक्षा आजोबांच्या पुराबद्दल बोलायला सोपं जाईल असा माझा अंदाज आहे.

हां, आता तो लेख.

मला खरं सांग, तू पत्र पाठवायच्या आधी एकदा तरी वाचलंस का? मगर आणि पूर तू कंसात टाकलेत आणि लोणावळा बाहेर! रस्त्यावरून फिरणाऱ्या मगरीचा चिपळूणचा व्हिडिओ 2024 च्या पावसाळ्यात देशभर फिरला होता, तुझ्या मामेबहिणीनेही तो बघितला असेल आणि तिच्या ग्रुपवर टाकला असेल, आणि तू जर तीच मगर बघायला गेली असशील तर तू ती प्रत्यक्ष बघून आलीयेस आणि वर मला सांगतेस काही घडत नाही. वाशिष्ठीत मगरी आहेत हे तुम्हाला लहानपणापासून माहीत असतं म्हणून तुम्हाला त्याचं काही वाटत नाही, ठाण्याच्या मुलीला ते पटणारसुद्धा नाही.

तुझी चूक नाहीये ही, पाचवीपासून आपल्याला 'अविस्मरणीय' शब्द दिसला की सहल लिहायची असंच शिकवलेलं असतं. पहाटे उठलो, बस सुटली, गाणी म्हटली, किल्ला बघितला, डबे खाल्ले, परतताना सगळे दमून झोपले, हा दिवस मी कधीच विसरणार नाही. अशा निबंधांचे मी गठ्ठे वाचलेत, ओळखीचे शिक्षक आहेत ते देतात वाचायला, आणि एकातलंही पोरगं मला ओळखता येत नाही, वर्गातल्या साठ जणांनी एकच निबंध लिहिल्यासारखा असतो. मैत्रिणीचा मनालीचा लेख मॅडमना का आवडला ते पण यातच आलं, त्या मशीनने असले हजारो निबंध वाचलेले असतात त्यामुळे त्याला तो साचा आपल्यापेक्षा चांगला जमतो. बर्फ, थंडगार वारा, आईच्या हातचा चहा, सगळं बरोब्बर जागेवर.

तू तसं करू नकोस. नैतिक वगैरे बाजूला ठेव, मला ते भाषण द्यायचं नाहीये, साधं कारण सांगते. तुला तीस वर्षांनी तो अंक सापडला तर त्यात तू नसशील. मैत्रिणीचं नाव मॅडमना सांगायला जाऊ नकोस हां, ते तिचं ती बघेल.

आता तू म्हणशील तीस वर्षांनी कोण बघतंय. बघतेस तू. चाळिशी-पन्नाशीच्या पुढच्या माणसांना आठवणी सांगायला लावल्या की साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी जास्त निघतात, हे मानसशास्त्रात बऱ्याच अभ्यासांत दिसलेलं आहे, त्याला ते रेमिनिसन्स बंप म्हणतात. म्हणजे तू आत्ता त्याच काळात आहेस ज्याच्याबद्दल पुढे तुला सगळ्यात जास्त बोलायचं असणार. खोटं वाटत असेल तर आईला तिच्या अकरावीबद्दल विचार. ती सहलीचं सांगेल थोडंफार, पण मग बाकावर शेजारी कोण बसायची, कुठल्या सरांची कशी नक्कल करायचे, कॅन्टीनला वडा केवढ्याला मिळायचा, एसटी चुकली की कुठे थांबायचे, यावर ती तासभर बोलेल. तुझी आई तेव्हा म्हणत असेल का की आज मी वडा खाल्ला हा अविस्मरणीय क्षण आहे? नाही म्हणाली.

यावर एक प्रयोग झालाय तो मला फार आवडतो. हार्वर्डच्या काही संशोधकांनी कॉलेजच्या मुलांना सुट्टी सुरू होताना बसवून एकदम साध्या गोष्टी लिहायला लावल्या, सध्या कुठली गाणी ऐकताय, तुमच्यातला खास विनोद कुठला, अलीकडे कुणाशी काय बोलणं झालं, परीक्षेतला एखादा प्रश्न, असलं. आणि विचारलं की तीन महिन्यांनी हे परत वाचायला तुम्हाला कितपत मजा येईल. मुलं म्हणाली ठीकठाक. तीन महिन्यांनी वाचायला दिलं तर त्यांना स्वतःच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त मजा आली. हा पेपर 2014 चा आहे. त्यातच त्यांनी जोडप्यांना एका नेहमीच्या दिवसाबद्दल आणि व्हॅलेंटाईन डेबद्दल लिहायला लावलं होतं, तर अंदाज जास्त चुकला तो नेहमीच्या दिवसाचा. खास दिवस आपल्याला तसाही थोडाफार आठवतोच, साध्या दिवसातलं काय गेलं ते परत हातात आल्यावरच कळतं. त्यामुळे रोज तेच तेच आहे म्हणून तू डायरी बंद करतेस ना, ते तेच तेचच जपून ठेवण्यासारखं आहे.

आणि मामेबहिणीच्या स्टेटसबद्दल एवढंच सांगते. लिंडा हेंकेल म्हणून एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी म्युझियममध्ये लोकांना काही वस्तूंचे फोटो काढायला लावले आणि काही नुसत्या बघायला लावल्या, दुसऱ्या दिवशी विचारलं तर फोटो काढलेल्या वस्तू लोकांना कमी आठवल्या. (वस्तूचा एखादा भाग झूम करून काढला तर मात्र तसं झालं नाही, म्हणजे निरखून बघितलं की राहतं.) म्हणजे बहिणीला लोणावळा आठवत नसेल असं मी म्हणत नाहीये, मजा करतेय तर करू दे बिचारी. पण ती रोज काय बघते आणि तुला स्टेटसमध्ये काय दिसतं यात फरक आहे, तिचा पण लोकलचा, क्लासचा, कंटाळ्याचा दिवस असतोच, तो ती टाकत नाही कारण तिला पण वाटतं त्यात टाकण्यासारखं काय आहे. कधीतरी तिला फोन करून विचार की आज दुपारी तीन वाजता काय करत होतीस.

तुझ्याहून लहान वयात, रोज डोळ्यासमोर दिसणाऱ्या गोष्टींवर लिहिलेल्या एका मुलीचं उदाहरण देते. 1855 साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात मुक्ता साळवे या जोतीराव-सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेतल्या मुलीचा निबंध छापून आला, ती साधारण चौदा वर्षांची होती. मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलंय तिने. आपल्या वस्तीतल्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परसुद्धा नसतं, पावसाथंडीत काय हाल होतात, हे तिने आजूबाजूला बघितलेलं होतं. तिची आणि तुझी तुलना करत नाहीये, तिने जे भोगलं त्याची आपल्याला कल्पनाही करता येणार नाही. पण पावणेदोनशे वर्षं होत आली आणि तो निबंध अजून वाचला जातो. तिच्यासाठी ते रोजचंच होतं.

तर लेख कसा लिहायचा. पुरावर लिहिणार असशील तर आधी स्वतःला विचार की लिहावंसं वाटतंय का. मॅडमना आवडेल म्हणून किंवा ताईने सांगितलं म्हणून नको. लिहायला बसलीस आणि जड व्हायला लागलं तर वही मिटून ठेव, मगरीवर लिही, ते काही कमी नाहीये. पण वाटलं लिहावंसं, तर 'निसर्गाचा प्रकोप', 'होत्याचं नव्हतं झालं' असलं एकही वाक्य घालू नकोस, ते पेपरवाल्यांनी लिहून झालंय. तू वरच्या मजल्यावर होतीस, दोन दिवस. तिथे किती माणसं होती? खायला काय होतं, कुणी काढलं, पुरवून कसं खाल्लं? प्यायचं पाणी? बाथरूमचं काय केलं? (हे तर लिहीच, सगळ्यांना हा प्रश्न पडतो आणि कुणी विचारत नाही.) भाऊ तेव्हा लहान असेल, तो रडत होता की त्याला मजा वाटत होती? खालून कसले आवाज येत होते? पाणी उतरल्यावर जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत चिखल होता? वास कसा होता? यातलं जे आठवत नाही ते 'आठवत नाही' असं लिही, भरून काढू नकोस. तुझ्या शहरात त्या दिवशी एसटी डेपोतले साहेब रोकड घेऊन बसच्या टपावर चढून तासन् तास बसले होते ही बातमी सगळीकडे आली होती, ती तुझ्या लेखात नसली तरी चालेल. पण तुझ्या आईने मजल्यावर जाताना हातात काय उचललं होतं ते फक्त तुलाच माहीत आहे.

सुचलंच नाही तर लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात जाऊन ये. 1864 पासूनचं वाचनालय आहे ते, 2005 च्या पुरात आणि परत 2021 च्या पुरात तिथली कितीतरी पुस्तकं पाण्यात गेली, तरी परत उभं राहिलं. तिथल्या लोकांशी पुराबद्दल बोल, तुझ्याच वयाचं कुणी गेलं तर ते खूश होऊन सांगतील असं मला वाटतं. आणि त्या निमित्ताने मेंबर पण हो.

सहावीच्या ऑनलाईन वर्षाचं तुला आठवत नाही म्हणतेस, त्यात नवल नाही. तीच खोली, तोच मोबाईल, रोज तेच, आठवणीला धरायला काही नव्हतंच. पण त्या वर्षीच्या वह्या कुठे असतील तर काढ, वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप कुणाच्या फोनमध्ये शिल्लक असेल तर मागे जाऊन वाच. कुणाचा मोबाईल वापरायचीस, नेट कुठल्या खिडकीत यायचं, कोण म्यूट करायला विसरायचं आणि मागून कुणाची आई ओरडताना ऐकू यायची, एक आठवलं की चार आठवतील. तुमच्या पिढीचं ते वर्ष ना तुमच्या आईबाबांनी जगलंय ना तुमच्यानंतरची मुलं जगतील.

डायरीचं असं आहे की ती तारखा छापलेली जाडजूड डायरी आधी कुणाला तरी देऊन टाक. एक पान रिकामं राहिलं की अपराधी वाटतं, मग दुसरं राहतं, मग बंद. साधी दोनशे पानी वही घे, मनात येईल तेव्हा तारीख टाकून चार-पाच ओळी, आठवड्यात दोनदा झालं तरी खूप. 'आज खूप बोअर झालं' असं लिहू नकोस, ते वाचून पुढे तुला काहीच दिसणार नाही. दुकानात त्या तासाभरात कोण गिऱ्हाईक आलं, काय घासाघीस केली, बाबा काय म्हणाले, तेवढं शब्दाला शब्द लिही. दुकानात बसणाऱ्या माणसाला विषयाची कमी कशी पडते हेच मला कळत नाही, अख्खं गाव तिथे येऊन बोलून जातं. बहादूरशेख नाक्याच्या पुलाचा गर्डर ऑक्टोबर 2023 मध्ये कोसळला तेव्हा दुकानात लोक काय काय बोलत होते, आठवतंय? नाही ना. ते लिहिलेलं असतं तर आज तुझा लेख त्याच्यावरच झाला असता.

राहिला भाऊ. हा खरा व्हिलन आहे आणि याच्यावर माझ्याकडे तोडगा आहे. वही लपवायला जाऊ नकोस, लपवलेली गोष्ट शोधण्यात त्याला मजा येते. आईसमोर एकदा गंभीरपणे सांग की माझी वही वाचायची नाही, आणि जेवताना वाचून दाखवली तर आईनेच त्याला थांबवायचं, मोठ्यांनी त्यात हसायचं नाही. मला वाटतं तिथेच गोम आहे, तो वाचून दाखवतो कारण घरचे हसतात. त्याउपर ऐकला नाही तर वहीत रोज त्याच्याबद्दल लिहायला लाग, काय खाल्लं, कुठे खोटं बोलला, परीक्षेत किती पडले, तारखेसकट. मग वाच म्हणावं बाबांसमोर मोठ्याने.